सायनसमधील साध्या गाठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

नाकाच्या किंवा सायनसच्या पोकळीत वाढलेल्या, पण कर्करोग नसलेल्या गाठींविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे : गाठ साधी आहे असे सांगतात, मग एवढी मोठी शस्त्रक्रिया कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक गाठीसाठी वेगळे आहे. काही गाठी मुळापासून काढाव्याच लागतात, तर काहींना हातही न लावता नुसते लक्ष ठेवणे शहाणपणाचे असते. त्यांपैकी सात पत्रांना येथे उत्तर देत आहे; पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. आठ महिन्यांपासून उजवी नाकपुडी बंद असते आणि अधूनमधून त्याच बाजूने रक्तमिश्रित शेंबूड येतो. सुरुवातीला ‘नाकात मांस वाढले आहे’ असे सांगून स्प्रे देण्यात आला. तो तीन महिने वापरूनही फरक पडला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून तुकडा काढला. त्याच्या अहवालात ‘इन्व्हर्टेड पॅपिलोमा, कर्करोग नाही’ असे आले. तरीही डॉक्टर म्हणतात की पूर्ण भूल देऊन सगळी गाठ काढावी लागेल आणि तिच्याखालचे हाडही घासावे लागेल. कर्करोग नसताना एवढे करण्याची गरज आहे का? औषधाने गाठ विरघळणार नाही का?

उत्तर : गरज आहे. आपल्या डॉक्टरांनी हाड घासण्याचा मुद्दा स्वतःहून मांडला, ही तर मला या पत्रातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

‘मांस वाढणे’ या एका शब्दाखाली आपण अगदी भिन्न स्वभावाचे आजार घालतो. ॲलर्जीमुळे किंवा दीर्घकाळच्या सुजेमुळे येणारे कोंब, म्हणजे पॉलिप, सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतात. दुर्बिणीतून ते सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, गुळगुळीत आणि अर्धपारदर्शक दिसतात, आणि स्टेरॉइडच्या स्प्रेने बरेचदा आक्रसतात. इन्व्हर्टेड पॅपिलोमा ही सूज नव्हे; ती नाकाच्या अस्तरातील पेशींची खरीखुरी वाढ आहे. ती बहुधा एकाच बाजूला होते, रंगाने करडी-लालसर आणि पृष्ठभागाने तुतीच्या फळासारखी खडबडीत असते, आणि कोणत्याही स्प्रेने किंवा गोळीने विरघळत नाही. त्यामुळे एकाच बाजूचे नाक महिनोन्‌महिने चोंदलेले राहिले किंवा एकाच बाजूने रक्त येऊ लागले, तर आधी दुर्बिणीने पाहावे आणि उपचार त्यानंतर ठरवावा, असा माझा आग्रह असतो. आपले तीन महिने स्प्रेत गेले याचे वाईट वाटते. मात्र ही गाठ संथ वाढणारी असल्याने तेवढ्या विलंबाने फारसे बिघडले असण्याचा संभव कमी आहे.

‘इन्व्हर्टेड’ म्हणजे उलटी. त्वचेवरचा मस्सा बाहेरच्या दिशेने वाढतो. या गाठीत मात्र अस्तराच्या पेशींच्या घड्या खालच्या थरात आतल्या आत वळत जातात. स्वीडनमधील रिंगर्ट्झ यांनी १९३८ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे हे आत वळणे नेमके वर्णिले, आणि पुढे तेच तिच्या नावात आले. हे आत वळणेच शस्त्रक्रियेच्या दृष्टीने त्रासदायक ठरते, कारण वरवर दिसणारा भाग खुडून काढला तरी खाली रुजलेल्या पेशी जागेवरच राहतात. पूर्वी अशा गाठी पॉलिप समजून नुसत्या चिमट्याने ओढून काढल्या जात, तेव्हा निम्म्याच्या आसपास रुग्णांत, कधी त्याहूनही अधिक जणांत, त्या पुन्हा उगवत. आज मूळ शोधून ते साफ केल्यावर हे प्रमाण साधारणतः १० ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आले आहे. दुसरे असे की ही गाठ शेजारच्या पातळ हाडावर दाब देऊन ते झिजवते आणि हळूहळू डोळ्याच्या खोबणीकडे किंवा कवटीच्या तळाकडे सरकू शकते. तिसरी बाब आपण विचारलेली नाही, पण ती लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही : या गाठीच्या १०० रुग्णांपैकी साधारण ५ ते १५ जणांत गाठीबरोबरच कर्करोग सापडतो किंवा पुढे उद्भवतो. तपासणीसाठी काढलेला तुकडा हरभऱ्याएवढाही नसतो; कर्करोगाच्या पेशी गाठीच्या दुसऱ्या टोकाला असतील तर त्या तुकड्यात येणार नाहीत. म्हणूनच शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक कण पॅथॉलॉजी तपासणीला गेला पाहिजे, आणि गाठ शोषून काढणारे यंत्र वापरले असेल तर त्याच्या जाळीत अडकलेले तुकडेसुद्धा.

आता हाडाविषयी. ही गाठ नाकात केवढीही पसरलेली दिसली तरी तिचे मूळ बरेचदा एखाद्या छोट्या जागी असते. उरलेली सगळी गाठ त्या देठावरून पोकळीत लोंबत असते. मूळ कोठे असावे याचा अंदाज सीटी स्कॅनवरून बांधता येतो, कारण जेथे गाठ रुजलेली असते तेथील हाड बहुधा जाड आणि टणक झालेले दिसते. एमआरआयमध्ये गाठीवर मेंदूच्या वळ्यांसारखे पट्टे दिसतात, आणि सायनसमध्ये भरलेले सगळे गाठच आहे की काही भाग नुसता अडकलेला शेंबूड आहे, हेही त्यातून उलगडते. आपले दोन्ही स्कॅन झाले नसतील तर शस्त्रक्रियेपूर्वी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

शस्त्रक्रियागृहात प्रत्यक्ष काय घडते ते थोडक्यात सांगतो. नाकात दिसणारा भाग आधी थोडा थोडा करून कमी केला जातो, म्हणजे मागचे दिसू लागते. मग, मूळ गालाच्या सायनसमध्ये असेल तर, त्याचे तोंड रुंद करून कोनात पाहणारी दुर्बीण आत वळवली जाते. काही वेळा संबंध सायनस भरून टाकणारी गाठ बाजूला केल्यावर असे दिसते की ती बाहेरच्या भिंतीवर वाटाण्याएवढ्या जागेला धरून आहे आणि उरलेल्या भिंतींचे अस्तर स्वच्छ, गुलाबी आहे. त्या वाटाण्याएवढ्या जागेभोवती निरोगी अस्तराची कड ठेवून ते अस्तर हाडापासून सोलून काढायचे, आणि उघडे पडलेले हाड हिऱ्याचे कण बसवलेल्या बारीक ड्रिलने पांढरे, गुळगुळीत होईपर्यंत घासायचे. हाडाच्या खाचांमध्ये गाठीच्या पेशी शिरलेल्या असतात, त्या या घासण्याने निघतात. आपल्याला ‘हाड घासावे लागेल’ असे सांगितले गेले, त्याचा अर्थ एवढाच आहे. त्याने चेहऱ्याचा आकार बदलत नाही.

प्रश्न : वडिलांची अशीच गाठ अनेक वर्षांपूर्वी चेहऱ्यावर नाकाच्या कडेने छेद घेऊन काढली होती. माझी मात्र नाकपुडीतून काढणार आहेत. एवढ्या बारीक छिद्रातून मोठी गाठ पूर्ण निघते का? आणि ही लेझरची शस्त्रक्रिया असते का?

उत्तर : आधी लेझरचे सांगतो, कारण हा समज फार पसरलेला आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे लेझर नव्हे. दुर्बीण फक्त दाखवते. काम चिमटे, कात्र्या, ड्रिल आणि गाठ कापत कापत शोषून घेणारे यंत्र यांनीच होते.

सायनसच्या चार जोड्या आहेत : गालामागची, दोन डोळ्यांच्या मधली, कपाळाची आणि नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी असलेली. या सगळ्या पोकळ्या नाकात उघडतात, पण दुर्बीण नव्हती तोवर त्यांच्या आत डोळ्याने पाहण्याची सोय नव्हती. १८९३ मध्ये अमेरिकेत कॉल्डवेल यांनी आणि १८९७ मध्ये फ्रान्समध्ये ल्यूक यांनी वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वर छेद घेऊन गालाच्या सायनसमध्ये शिरण्याचा मार्ग सांगितला, आणि मोठ्या गाठींसाठी चेहऱ्यावरचा छेद रूढ झाला. आपल्या वडिलांच्या वेळी तो योग्य उपचार होता, त्यात काही चुकले असे समजू नये. मध्यंतरी दोन गोष्टी बदलल्या. हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञांनी काचेच्या लांब दांड्यांची भिंगरचना तयार केली, त्यामुळे अवघ्या ४ मिलिमीटर जाडीच्या नळीतून लख्ख आणि रुंद दृश्य मिळू लागले. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मेसरक्लिंगर यांनी त्या दुर्बिणीने दाखवून दिले की सायनसमधला स्राव अस्तरावरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने नेहमी नैसर्गिक तोंडाकडेच वाहतो, खाली दुसरे भोक पाडले तरी तो त्याला वळसा घालून जातो. नैसर्गिक तोंड मोकळे करण्याची आजची पद्धत त्या निरीक्षणावर उभी आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत केनेडी यांनी तिला ‘फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी’ हे नाव दिले, तेव्हापासून ती जगभर रुजली. सुरुवातीला ती फक्त सायनसच्या संसर्गासाठी होती. हात बसत गेले तशी गाठींसाठीही वापरली जाऊ लागली.

मोठी गाठ छोट्या छिद्रातून निघते, कारण ती अखंड बाहेर काढावी लागत नाही. लोंबणारा भाग तुकड्या-तुकड्यांनी कमी करता येतो. काटेकोरपणा लागतो तो मुळाशी. शिवाय डोळ्याने वरून पाहण्यापेक्षा दुर्बिणीने मूळ अधिक जवळून दिसते, कारण ० अंशाची दुर्बीण समोर पाहते, तर ३०, ४५ आणि ७० अंशांच्या दुर्बिणी कोपऱ्याच्या पलीकडे पाहतात. तरीही प्रत्येक गाठ नाकातूनच काढता येते असे मी म्हणणार नाही. कपाळाच्या सायनसमध्ये पार बाहेरच्या टोकाला रुजलेली गाठ असेल, तर भुवईजवळ किंवा केसांच्या रेषेत छेद घेऊन बाहेरून आणि आतून असे दोन्ही मार्ग वापरावे लागतात. असे ठरले तर ते डॉक्टरांचे अपयश समजू नये. अर्धवट गाठ मागे सोडण्यापेक्षा एक व्रण पत्करणे केव्हाही बरे.

प्रश्न : माझ्या १७ वर्षांच्या मुलीचा डाव्या नाकातला कोंब दोनदा काढला, दोन्ही वेळा वर्षभरात पुन्हा आला. दुसऱ्या बाजूचे नाक अगदी स्वच्छ आहे. ॲलर्जीच्या सगळ्या चाचण्याही साध्या आल्या. हे आयुष्यभर चालणार का?

उत्तर : तसे होऊ नये. आपण वर्णन केलेला कोंब बहुधा गालाच्या सायनसमध्ये उगम पावून नाकात उतरणारा आणि मागे घशाकडे लोंबणारा असावा. त्याला ॲन्ट्रोकोनल पॉलिप म्हणतात आणि तो मुलांत व तरुणांत अधिक आढळतो. त्याचा नाकात दिसणारा भाग म्हणजे केवळ शेंडा. बुंधा सायनसच्या भिंतीवर असतो, तोही बरेचदा मागच्या किंवा बाहेरच्या भिंतीवर, जेथे सरळ पाहणारी दुर्बीण पोहोचत नाही. शेंडा काढला की नाक मोकळे होते, सगळ्यांना बरे वाटते, आणि बुंधा पुन्हा फुटतो. पुढच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एकच विचारावे : मागच्या दोन्ही वेळी सायनसच्या आत शिरून बुंध्याची जागा पाहिली होती का, आणि या वेळी ती कशी गाठणार? या प्रश्नाने कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना राग येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. सहा महिन्यांत चार-पाच वेळा त्याचा घोळणा फुटला. एकदा तर टॉवेल भिजला. नाक एका बाजूने बंद असते. डॉक्टरांनी दुर्बिणीने मागच्या भागात लाल गाठ पाहिली, पण तुकडा काढायला साफ नकार दिला आणि थेट स्कॅन सांगितले. तपासणीचा तुकडा न काढताच मोठी शस्त्रक्रिया सुचवली आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, आपल्या डॉक्टरांनी तुकडा न काढून मुलाला मोठ्या संकटातून वाचवले आहे. कुमारवयीन मुलगा, एका बाजूचे बंद नाक आणि वारंवार भरपूर रक्तस्राव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ज्युव्हेनाइल अँजिओफायब्रोमा या गाठीचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. ही गाठ जवळजवळ नेहमी मुलग्यांमध्येच होते. ती कर्करोग नाही, पण रक्तवाहिन्यांनी ठासून भरलेली असते, आणि त्या वाहिन्यांच्या भिंतीत आकुंचन पावणारा स्नायूंचा थर पुरेसा नसल्याने, खरचटले तरी रक्त आपोआप थांबत नाही. बाह्यरुग्ण विभागातील खुर्चीवर बसवून अशा गाठीचा तुकडा काढणे म्हणजे जीवघेण्या रक्तस्रावाला निमंत्रण आहे. सुदैवाने निदानासाठी तुकड्याची गरजही सहसा पडत नाही. शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी आणि एमआरआयमध्ये ही गाठ आपली ओळख स्वतःच पटवून देते : तिचा उगम नाकाच्या मागच्या भागातील एका ठरावीक छिद्रापाशी असतो, आणि तिच्या दाबाने गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते.

शस्त्रक्रियेच्या आधी, बहुधा २४ ते ७२ तासांत, मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद केल्या जातात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्याने रक्तस्राव बराच घटतो, आणि रक्त कमी वाहिले की दुर्बिणीतले दृश्य स्वच्छ राहून गाठ अधिक पूर्णपणे काढता येते. त्यापेक्षा फार उशीर झाला तर बंद केलेल्या वाहिन्यांना पर्यायी वाटा फुटू लागतात, म्हणून त्या तारखा पुढे ढकलू नयेत. मुलाचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण महिनोन्‌महिने रक्त जात राहिल्याने अशा मुलांत ते बरेचदा कमी झालेले असते. रक्तपेढीत जुळणारे रक्त राखून ठेवले आहे याचीही खात्री करावी. ही गाठ काढण्याचा अनुभव असलेला चमू, रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असेल, तेथेच ही शस्त्रक्रिया व्हावी. त्यासाठी दूर जावे लागले तरी जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तोवर मुलाला नाकात बोट घालू देऊ नये, जोरात शिंकरू देऊ नये, आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत. घोळणा फुटलाच तर त्याला पुढे वाकवून बसवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावा. मान मागे टाकली तर रक्त घशात उतरते आणि किती गेले ते कळत नाही. दाबूनही रक्त थांबले नाही तर तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्न : डोकेदुखीसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कपाळाच्या सायनसमध्ये ९ मिलिमीटरचा ऑस्टिओमा निघाला. गोळ्यांनी डोकेदुखी थांबली, पण ‘हाडाची गाठ’ हे शब्द मनातून जात नाहीत. काढून टाकू का?

उत्तर : आपण लिहिलेल्या माहितीवरून तरी नाही. ऑस्टिओमा ही सायनसमध्ये सर्वाधिक आढळणारी साधी गाठ आहे; दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये १०० पैकी सुमारे ३ जणांत ती योगायोगाने दिसते, आणि तिची सर्वांत आवडती जागा कपाळाचा सायनस हीच आहे. ती वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर इतक्या मंद गतीने वाढते. डॉक्टर सांगतील त्या अंतराने, सहसा एक-दोन वर्षांनी, पुन्हा स्कॅन काढून तुलना करावी. गाठीने सायनसचे तोंड अडवले, मागे शेंबूड साचून संसर्ग होऊ लागला, ती डोळ्याकडे किंवा मेंदूकडे सरकली, किंवा भराभर वाढू लागली, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. शरीरात अशा अनेक हाडाच्या गाठी असतील किंवा कुटुंबात मोठ्या आतड्याच्या कोंबांचा आजार असेल, तर तेवढे मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि तेव्हा आतड्याची तपासणी नाकापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

प्रश्न : पतीची शस्त्रक्रिया ठरली आहे. संमतिपत्रात ‘दृष्टी जाणे, मेंदूभोवतीचे पाणी गळणे’ असे वाचून आम्ही दोघेही हादरलो आहोत. नाकाच्या शस्त्रक्रियेत डोळा आणि मेंदू कोठून आले?

उत्तर : आपली भीती स्वाभाविक आहे, आणि ‘काही होत नाही हो’ असे म्हणून ती उडवून लावणे मला जमणार नाही. सायनस आणि डोळा यांच्यामध्ये जी हाडाची भिंत असते, तिच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘कागदी पापुद्रा’ असा आहे. ती खरोखर कागदासारखी पातळ असते. नाकाचे छत म्हणजे मेंदूची जमीन, आणि त्या छताचा एक भाग चाळणीसारखा सच्छिद्र असून त्या छिद्रांतून वासाचे तंतू खाली उतरतात. म्हणजे नाकात काम करणारा शल्यचिकित्सक डोळा आणि मेंदू यांच्यापासून काही ठिकाणी मिलिमीटरच्या अंतरावर असतो. हे ठाऊक असल्यामुळेच शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनमधील एक-एक काप पाहून छत किती खोल आहे, भिंत कोठे झिजली आहे, डोळ्याची नस सायनसमध्ये उघडी पडली आहे का, हे नोंदवले जाते. अवघड गाठींमध्ये नेव्हिगेशन यंत्र वापरतात. हत्याराचे टोक नेमके कोठे आहे, ते पडद्यावर रुग्णाच्याच स्कॅनवर दिसत राहते. मात्र यंत्र असले म्हणजे अनुभवाची उणीव भरून निघते, असे समजू नये.

एक बारकावा सांगतो. इतर शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाचे डोळे चिकटपट्टी लावून चादरीखाली झाकतात. येथे ते मुद्दाम न झाकता नजरेसमोर ठेवतात. पापणी थोडी जरी फुगली किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तर सहायक ते ताबडतोब सांगतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात छोटा छेद देऊन दाब उतरवता येतो. मेंदूभोवतीचे पाणी गळू लागले आणि ते तेव्हाच लक्षात आले, तर मांडीच्या स्नायूवरील आवरणाचा किंवा नाकाच्याच अस्तराचा तुकडा लावून ती जागा त्याच शस्त्रक्रियेत बुजवतात, आणि बहुतेक वेळा ती कायमची मिटते. सायनसच्या नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियांमध्ये अशी मोठी गुंतागुंत १०० पैकी एकाहूनही कमी रुग्णांत होते. गाठ मोठी असेल किंवा कवटीच्या तळाला चिकटलेली असेल, तर धोका त्याहून अधिक असतो. पतीच्या बाबतीत तो किती, हे त्यांचा स्कॅन समोर ठेवून डॉक्टरांनीच सांगायला हवे.

यापेक्षा खूप अधिक वेळा होणारे, पण सहन करण्याजोगे त्रासही असतात : काही दिवस थोडे रक्त येणे, वास कमी येणे, वरच्या दातांना किंवा गालाला बधिरपणा, नाकाच्या आत दोन भिंती एकमेकींना चिकटणे, आणि अश्रुनलिकेजवळ काम झाले असेल तर डोळ्यातून पाणी वाहणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हृदयात स्टेंट असताना स्वतःच्या मनाने अशी गोळी बंद करणे नाकाच्या गाठीपेक्षा घातक ठरू शकते.

घरी आल्यावर तीन लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये : डोळा सुजून दृष्टी अंधुक होणे, दाबूनही न थांबणारे रक्त, आणि खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, चवीला खारट द्राव टपकणे, विशेषतः त्यासोबत ताप, मान आखडणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर.

प्रश्न : इन्व्हर्टेड पॅपिलोमाची शस्त्रक्रिया होऊन चार आठवडे झाले. नाकात सारख्या खपल्या धरतात, दुर्गंधी येते, आणि डॉक्टर दर पंधरवड्याला दुर्बिणीने साफसफाई करतात. काही राहून गेले आहे का? नाक धुण्यासाठी नळाचे पाणी चालेल का? तपासण्या किती वर्षे चालतील?

उत्तर : काही राहून गेले, असा अर्थ या लक्षणांतून निघत नाही. आपल्या सायनसमधील अस्तराचा मोठा भाग काढून तेथले हाड उघडे केले आहे. त्यावर नवे अस्तर कडेकडेने सरकत येते आणि ते सूक्ष्म केसांसह पुन्हा कामाला लागेपर्यंत दोन-तीन महिने, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कधी त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर स्राव पुढे ढकलणारे कोणी नसल्याने तो जागीच सुकतो, त्याची खपली होते आणि तिला वास येतो. पंधरवड्याची साफसफाई कंटाळवाणी आणि थोडी दुखरी असते हे मी जाणतो, तरी ती चुकवू नका. खपलीखाली संसर्ग झाला किंवा दोन भिंती चिकटल्या, तर सायनसचे तोंड पुन्हा मिटते.

नाक धुण्यासाठी नळाचे पाणी थेट कधीही वापरू नये. प्यायलेल्या पाण्यातले बरेचसे जंतू पोटातील आम्लात मरतात, नाकात तशी सोय नाही. न उकळलेल्या पाण्यातील नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक आजार होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण टाळणे अगदी सोपे आहे. पाणी खळखळून उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे, आणि एका लिटरला ९ ग्रॅम मीठ या प्रमाणात द्रावण करावे. आयोडीन नसलेले मीठ मिळाले तर उत्तम. धुताना पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, बाटली हलक्या हाताने दाबावी. बाटली रोज गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी, नाहीतर जंतू तिच्यातच वाढतात.

पहिले दोन आठवडे सरले असले तरी नाक जोरात शिंकरणे, जड वजन उचलणे, दम लागेल असा व्यायाम आणि विमानप्रवास यांची परवानगी डॉक्टरांकडून दुर्बिणीने पाहिल्यावरच घ्यावी. शिंक आली तर दाबू नये, तोंड उघडून शिंकावे.

तपासण्यांबद्दल मात्र मन तयार ठेवा. ही गाठ परत आली तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, म्हणून पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी दुर्बिणीने पाहावे लागते. पाच वर्षांनंतरही ती उगवल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे पुढे वर्षातून एकदा आयुष्यभर दाखवत राहावे, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. नाक मोकळे आहे, रक्त येत नाही, म्हणून तपासणी थांबवू नये. परत आलेली गाठ मसुराएवढी असताना काहीच त्रास देत नाही, आणि तेव्हाच ती सर्वांत सहज काढता येते. पूर्वीचा आणि आताचा, दोन्ही पॅथॉलॉजी अहवाल जपून ठेवा. शस्त्रक्रियेची लेखी नोंद आणि चित्रफीत मिळत असेल तर मागून घ्या, आणि गाठीचे मूळ नेमके कोणत्या भिंतीवर होते हे त्या नोंदीत लिहिलेले आहे का ते पाहा. लिहिलेले नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी वेगळेच डॉक्टर दुर्बीण हातात घेतील तेव्हा त्यांना आधी तीच जागा पाहायची असेल.